रायभानचा गुडघा गेल्याबद्दल

॥ श्री ॥

मुक्काम पेडगाव, जिल्हा परभणी
चैत्र वद्य पंचमी, शके १८६७

राजमान्य राजेश्री व्यंकटराव यांस, एका तरटावर बसून एकाच छडीचा प्रसाद घेतलेल्या दिनकररावाचा नमस्कार. इकडे मंडळी, बैलजोडी, मी आणि माझी कंबर असे सर्व ठीक आहोत, अर्थात उतरत्या क्रमाने. आपला दमा, वहिनींचे डोळे आणि धाकट्या चिरंजीवांची परीक्षा यांची खुशाली सविस्तर कळवावी. आपण आता हैदराबादेसारख्या राजधानीत गिरणीचे हेडक्लार्क, शिवाय गिरणीच्या फुटबॉल संघाचे चिटणीस, तेव्हा आपणांस 'आपण' म्हणणे भागच आहे. (इथवरचा मजकूर मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. 'आपण' आले म्हणून मंडळींचे समाधान झाले आणि त्या चुलीकडे गेल्या. तर व्यंकट्या, कसा आहेस तू?)

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. तू विचारतोस की आमच्या गावचा रायभान, येडबा धनगराचा मुलगा, ब्रह्मदेशातून परत आल्याचे कानावर आहे, तर तो अजून खेळण्याजोगा आहे काय. पुढच्या हंगामाला तुमच्या संघात पुढे खेळणारा, गोल मारणारा गडी कमी आहे. तर उत्तर असे की तो खेळण्याजोगा राहिलेला नाही. त्याचा उजवा गुडघा गेला. दुसरा गडी पाहावा.

असे लिहीन म्हणून मी त्याच्या आईला, भिवराबाईला, शब्द दिला होता, आणि तसे लिहिले. पत्राचा कामाचा भाग इथे संपला. पण कागद अजून बराच उरला आहे, आणि लढाईच्या दिवसांत चांगला कागद कोरा धाडणे बरे नव्हे. म्हणून शब्द का दिला तेही लिहितो.

तुझे पत्र मी ओट्यावर बसून वाचत होतो, मोठ्याने. (मला मनात वाचता येत नाही. आपल्या पंतोजींनी कविता आणि पत्र दोन्ही एकाच चालीवर शिकवले. तुझ्या पत्रातला 'हंगाम' हा शब्द मी थोडा लांबवूनच म्हटला.) आमच्या मंडळी, धुरपताबाई, आतून म्हणाल्या, "हळू वाचा की, अख्ख्या गावाला डाक वाटायलात का?" पण तोवर उशीर झाला होता. भिवराबाई ताक न्यायला आली होती आणि तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले होते. तिने गाडगे खाली ठेवले आणि म्हणाली, "मालक, तुमी लिहा, त्याचा गुडघा गेला म्हणून." मी म्हटले, गेलाय का? तर म्हणाली, "दुखतो की." मी दुखणे आणि जाणे यांतला फरक समजावू लागलो, तर म्हणाली, "एकदा माघारी आलेलं मेंढरू कोणी पुन्हा लांडग्याच्या रानात घालतं का?" मी म्हटले, बाई, हैदराबाद म्हणजे लांडग्याचे रान नव्हे, तिथे माझा बालमित्र आहे. त्यावर ती म्हणाली, "रंगूनातबी कोणाचा तरी दोस्त असंलच की." याला तुला उत्तर सुचले तर कळव.

आता तुला रायभानची सगळी हकीकत ठाऊक नाही. तू त्याला एकदाच, नवाबांच्या मैदानावर, लांबून पाहिलेस. मी त्याला तो भोपळा मारायचा तेव्हापासून ओळखतो. सुगी झाली की येडबाची मेंढरे दरसाल माझ्या रानात बसतात. (तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगतो. धनगराने आपल्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायची, लेंड्यांनी रानाला खत द्यायचे, आपण त्याला ज्वारी द्यायची, आणि चार दिवसांनी त्याने उठून पुढच्याच्या रानात जायचे. कोणाचे मन मोडत नाही, कोणाला थांब म्हणता येत नाही.) रायभान तेव्हा कळपामागे उभा राहून वाळलेला भोपळा पायाने उडवी आणि तो भरकटलेल्या मेंढराच्या असा बरोबर पुढ्यात टाकी की ते दचकून माघारी फिरे. काठी फेकणारे धनगर पुष्कळ पाहिले, भोपळा टाकणारा हा एकच. मी धुऱ्यावर बसून आर्या म्हणत असे आणि तो भोपळा मारत असे. गावाने आम्हा दोघांनाही बिनकामाचे ठरवले होते, त्यामुळे आमचे जमले.

पुढे तो लोकर विकायला परभणीला गेला. तिथे पोलिसांच्या मैदानावरचा चेंडू रस्त्यावर आला, तो याने आला तिकडे परत धाडला, आणि नुसता धाडला नाही तर लांबच्या दोन खांबांच्या मधून धाडला. जमादाराने विचारले, "कौन है रे तू?" हा म्हणाला, "लोकरवाला." जमादाराने त्याला लोकर खाली ठेवायला लावली आणि पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या गाडीत बसवले. येडबा काही दिवसांनी शोध घेत परभणीला गेला तेव्हा लोकर मिळाली, मुलगा मिळाला नाही. "निम्मं तर घावलं," म्हणून तो गठ्ठा डोक्यावर घेऊन चालत परत आला. येडबाच्या तोंडून तक्रार म्हणून मी ऐकली ती एवढीच.

हैदराबादेत तो एका नवाबसाहेबांच्या संघात राहिला. नवाबसाहेबांचे मन फुटबॉलवरून कबुतरांवर गेले तेव्हा संघ मोडला. मग म्हैसूरच्या राज्यात, बंगळुरास, एका कौलांच्या कारखान्याकडे. तिथे याच्यापेक्षा उंच गडी मिळाला. मग समुद्र ओलांडून लंकेत, चहाच्या कंपनीकडे. तिथे त्याला जन्मात पहिल्यांदा बूट मिळाले. ते त्याने गळ्यात अडकवले आणि अनवाणीच खेळून दाखवले, तेव्हा साहेब म्हणाला, पायात नको तर नको, पण गळ्यातले तरी काढ. (त्यांतल्या एका बुटात हल्ली भिवराबाई कांद्याचे बी ठेवते. दुसऱ्यात कोंबडी बसते.) मग ब्रह्मदेशात, रंगूनला, तांदळाच्या गिरणीकडे. कुठेही त्याची मूठभर कीर्ती झाली नाही आणि कुठूनही त्याला कोणी हाकलून दिले नाही. ज्या संघाला एक गडी कमी, त्या संघाला रायभान. संघ पुरा झाला की रायभान पुढे. दरेक मुलखातून त्याचे कार्ड येई, कोणाच्या तरी हातचे, कधी मोडीत, कधी उर्दूत. मी ते भिवराबाईला वाचून दाखवी. एकदा लंकेहून आलेले कार्ड नुसत्या जिलब्यांसारख्या अक्षरांत होते, ते मला लागेना. तिने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "बरा हाय."

मग जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि कार्डे थांबली. भिवराबाई दर बाजाराच्या दिवशी ओट्यावर येऊन विचारी, "काही आलं का, मालक?" पुढे पुढे तिने विचारणे सोडले. नुसती यायची, घटकाभर बसायची, बसल्या जागेवरून पदर फिरवून ओटा पुसायची आणि जायची. धुरपताबाई तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. त्या दिवसांत मला एकही कविता आठवत नसे. (तुला ही गोष्ट किती गंभीर आहे ते समजेल. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.) गेल्या पोळ्याच्या दिवशी, सारे गाव बैल मिरवण्यात दंग असताना, एक काटकुळा माणूस पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनाकडून चालत आला. कुत्रे भुंकले नाही, तेवढ्यावरून येडबाने ओळखले. ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून तो आसामात आला, तिथे तापाने पडला, बरा होऊन कोणाच्या चहाच्या मळ्यात राबला, आणि मग आला. एवढे डोंगर कसे चढलास रे, असे मी विचारले, तर म्हणाला, "पाय होते की, मालक."

तेव्हापासून तो मेंढरे राखतो. पण रोज सकाळी कळप रेल्वेच्या भरावाकडे नेतो, जिथे चाऱ्याची काडी नाही, आणि गाडी आली की तिच्याबरोबर थोडा पळतो. हे त्याच्या आईला माहीत आहे. आईला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. तुझे पत्र मी त्यालाही ऐकवले. तो म्हणाला, "आई म्हणंल तसं." व्यंकट्या, ज्याला जायचे नसते तो 'नको' म्हणतो. 'आई म्हणेल तसे' कोण म्हणतो, हे तुला मला शाळेपासून माहीत आहे.

पण शब्द तो शब्द. गुडघा गेला. आणि त्याचा पुरावा म्हणून आमच्या जत्रेत, परवाच्या पुनवेला झालेल्या सामन्याची हकीकत देतो.

जत्रेत दरसाल कुस्त्या होतात. या साली बन्सीधर पाटलांच्या मनात आले की चार मुलूख खेळून आलेला गडी गावात मेंढरे राखतो आणि गावाने त्याचा खेळ पाहिलेला नाही, ही गावाची नामुष्की आहे. म्हणून त्यांनी पिंगळी स्टेशनच्या रेल्वेवाल्यांना सामन्याचे आवतण धाडले. (चेंडू त्यांच्याकडेच होता, हेही एक कारण.) गावाकडून रायभान आणि बाकी दहा गडी तालमीतले. रायभानने त्यांना आठवडाभर शिकवले की चेंडूला हात लावायचा नाही. हे त्यांना पटले. माणसालाही हात लावायचा नाही, हे मात्र शेवटपर्यंत पटले नाही. मैदान म्हणून माझे रान ठरले, कारण येडबाची मेंढरे तिथून आदल्या सकाळीच उठून शेजारच्या रानात गेली होती. बाभळीचे चार खांब पुरले, वर कासरे बांधले. बाया गाड्यांपाशी जमल्या. भिवराबाईने लेकाचा खेळ कधीच पाहिला नव्हता. ती आली ती त्याचे लंगडणे पाहायला, म्हणजे मला पत्रात लिहायला सोपे जाईल. असे तिने मला आधी बजावले होते.

सकाळच्या गाडीने पिंगळीवाले आले. त्यांना आणायला रायभान स्टेशनवर गेला होता. वाटेत कळले की त्यांचा एक खलाशी (बोटीवरला नव्हे, रुळावरला) ऐन वेळी कामावर अडकला. तर सामना सुरू व्हायच्या वेळी पाहतो तो आमचा रायभान पिंगळीवाल्यांच्या रांगेत उभा. पाटील म्हणाले, "रायभाना, तू तिकडं कसा?"

"त्यांला एक गडी कमी हाय, पाटील."

"अन आपल्याला?"

"आपल्याकडं अख्खं गाव हाय की."

पाटलांनी अख्ख्या गावावर नजर फिरवली. ती माझ्यावर क्षणभर थांबली आणि लगेच पुढे गेली. (हा अपमान मी गिळला.) शेवटी मुंजाजी पहिलवानाला आणून खांबांमध्ये उभे केले, कारण तो उभा राहिल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना फारशी जागा उरत नव्हती. पंच पिंगळीचे स्टेशनमास्तर. त्यांनी शिट्टीबरोबर आपली निशाणेही आणली होती. खेळ चालू म्हणजे हिरवे, चुकले म्हणजे लाल. आमच्या पहिलवानांनी पहिल्याच फेरीत पिंगळीच्या पॉइंट्समनला असा पट काढून आपटला की मास्तर लाल निशाण घेऊन बराच वेळ उभेच राहिले, गाडी येत असल्यासारखे.

आता रायभानचा खेळ. तुला खरे सांगतो, तो धावत नाही. (इथे गुडघ्याची नोंद घ्यावी.) चेंडू एकीकडे, वीस माणसे त्याच्यामागे, आणि हा निराळ्याच जागी, जिथे कोणी नाही तिथे, कमरेवर हात ठेवून, आभाळात घार पाहत असल्यासारखा. मग थोड्या वेळाने चेंडू आपण होऊन तिथे येतो, तहानलेली म्हैस ओढ्यावर यावी तसा. मग पायाचा एक लहानसा झटका, आणि मुंजाजी मागे वळून पाहतो. पहिला गोल झाला तेव्हा गाव एकमेकांची तोंडे पाहू लागले. आपल्याच पोराने आपल्यावर गोल केला तर काय करायचे असते, हे कोणाला माहीत नव्हते. तेवढ्यात गाड्यांकडून एकच आवाज आला, "शाबास रं माज्या राया." आमच्या धुरपताबाई भिवराबाईला म्हणाल्या, "अगं, ते आपल्या विरुद्ध हाय." ती म्हणाली, "कोणाच्याबी विरुद्ध असू द्या." त्यावर धुरपताबाई म्हणाल्या, "गुडघा गेलेल्या माणसाचं बरं चाललंय." भिवराबाईने पदर तोंडावर घेतला, पण पदराच्या आतले मला थोडे दिसले, आणि ते रडणे नव्हते.

दुसराही गोल झाला. मग चिडलेल्या पहिलवानांपैकी कोणीतरी चेंडू असा हाणला की तो थेट शेजारच्या रानात, येडबाच्या कळपात जाऊन पडला. कळपात एक एडका आहे, तो माणूस ओळखत नाही, फक्त अंतर ओळखतो. त्यामुळे आमचे दहाही पहिलवान बांधावर उभे राहून शिष्टाचार पाळू लागले. रायभान मात्र जिभेने टक् टक् असा आवाज करत आत शिरला. मेंढरांनी वाट दिली. चेंडू पायाशी घेऊन तो हळूहळू बाहेर निघाला, आणि कळपाला वाटले की उठायची वेळ झाली. सगळा कळप त्याच्यामागे निघाला. पुढे चेंडू, मग रायभान, मग एडका, मग शंभरेक मेंढरे, अशी ती मिरवणूक मैदानात आली. मुंजाजीने एडका पाहिला आणि जागा सोडली. सगळे कासऱ्याखालून पार गेले. आता गोल झाला की नाही? स्टेशनमास्तर दोन्ही हातांत दोन निशाणे धरून उभे. म्हणाले, रुळावर जनावर आले तर गाडी थांबवावी असे पुस्तकात आहे. जनावर गाडीबरोबरच आले तर काय, हे नाही. सामना तिथेच संपला, कारण मेंढरे मैदानात बसली आणि उठेनात.

त्या दिवशी किती वर्षांनी मला माझे स्वतःचे काही सुचले. भुजंगप्रयात आहे, गण तपासून घे, पंतोजींना लाज नको:

पळे चेंडु पायापुढे रायभाना,
जसा मेंढवाड्यापुढे श्वान शाणा;
गड्या, देश झाले किती पालटूनी,
परी पाय गेले न मातीमधूनी.

हा श्लोक मी दिवस कलायच्या आत मारुतीच्या पारावर म्हटला, चालीवर. भिवराबाई म्हणाली, "माज्या लेकाला कुत्रं म्हणलाव का, मालक?" येडबा मात्र खूश. म्हणाला, "अगं, लय मोठं म्हणलं. कुत्र्याबिगर मेंढरू म्हंजे नुसती लोकर." (अशी दाद मला आजवर कोणी दिली नव्हती. तू तर कधीच नाही.)

पण पारावर सगळेच श्लोक ऐकायला जमले नव्हते. बन्सीधर पाटील रागावले होते. त्यांचे म्हणणे, सामना कोणासाठी मांडला, नारळ आणि फेटा कोणासाठी आणला, आणि हा गडी परगावाकडून खेळला. अशा माणसाला गावाची कसली ओढ, उद्या आणखी कोणी बोलावले की हा त्याचा. हे ऐकून रायभान मान खाली घालून पायाने माती सारत बसला. मला वाईट वाटले, कारण पाटील बोलले ते भिवराबाईच्या मनातलेच होते, फक्त तिने ते कधी म्हटले नव्हते. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत नव्हतो, इतके मुद्दाम पाहत नव्हतो की ते सगळ्यांना कळले.

मग येडबा बोलला. येडबा पारावर बोलत नाही. तो पाराच्या खाली, काठीवर हनुवटी टेकून बसतो. म्हणाला, "पाटील, तुमच्या रानात माजी मेंढरं बसली, तवा खत कोणाचं?" पाटील म्हणाले, माझे. "अन दुसऱ्या दिवशी मालकाच्या रानात गेली, तवा?" दिनकररावाचे. "मग तुमी मालकाच्या रानात जाऊन लेंड्या माघारी मागितल्या का?" लोक हसले. पाटील म्हणाले, ते खरे, पण मेंढरे आपली होती ना. येडबा म्हणाला, "मेंढरं आपलीच. लेंडी त्यांची. तसा माजा लेक चार मुलखात बसला. जिथं बसला तिथलं रान त्यानं खतावलं. कुठंबी नुसतं खाऊन उठला न्हाई. अन सांजच्याला मोजलं तर मेंढरू आपल्याच खुणेचं निघतं का न्हाई, ते बघा."

व्यंकट्या, मी जन्मभर कविता म्हटल्या. चार मुलखांतल्या त्या वणवणीचा अर्थ मला लागत नव्हता; मला वाटायचे, पोर कुठेच टिकले नाही. आणि त्याचा बाप सगळे समजून बसला होता, पहिल्या दिवसापासून, ती लोकर डोक्यावर घेऊन आला तेव्हापासून. पाटील काही वेळ मिशीवर हात फिरवत राहिले. मग त्यांनी फेटा स्वतःच्या हाताने रायभानच्या डोक्याला बांधला, जरा करकचून, पण बांधला. नारळ मुंजाजीने मूठ मारून फोडला, त्याला तेवढेच समाधान.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायभानचा गुडघा कवठाएवढा सुजला. भिवराबाईने हळद लावून एरंडाचे पान गरम करून बांधले. म्हणजे मी लिहिले ते खोटे नाही. गुडघा गेला. म्हणजे अगदी गेला असे नव्हे, पण निघाला आहे. एखादा हंगाम वेशीत रेंगाळेल असे माझे मत. तरी तू दुसरा गडी पाहावास हे उत्तम.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दमा असताना पायऱ्या चढत जाऊ नकोस. गिरणी तुझ्यावाचून चालत असेल असे मनात धरून सावकाश चढ.

तुझा
दिनकर

ता. क. कबूल केल्याप्रमाणे हे पत्र भिवराबाईला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "मालक, ह्यात माजा निरोप कुठं हाय?" मी बोट ठेवून ती ओळ दाखवली. म्हणाली, "ही एवढी. अन बाकीची समदी त्याची वरात." मी शरमलो आणि म्हटले, फाडतो, दोन ओळींचे नवे लिहितो. ती म्हणाली, "थांबा." मग तिने पदर फिरवून ओटा पुसला. मग विचारले, "तिथं खरंच एक गडी कमी हाय का?" मी म्हटले, हो, तसे लिहिले आहे. "मग न्हाई कसं म्हणावं," असे ती मला नव्हे, जमिनीला म्हणाली. तरी गुडघ्याची ओळ तू वाचली नाहीस असे समज. मी ती खोडणार होतो, पण अक्षर फार चांगले आले आहे.

ता. क. दुसरा. रायभान अमावास्येनंतर निघेल. मात्र तो एकटा येत नाही, भिवराबाई बरोबर येते आहे. मी म्हटले, बाई, तुझे काय काम? तर म्हणाली, "मेंढरं लांब गेली की धनगराची बाई चूल घेऊन मागून जाती. मी येडबाच्या मागं जन्मभर हिंडले. ह्या एकालाच मी एकलं सोडलं, अन तो रंगूनला गेला." हे ती सहज म्हणाली, चूल पेटवायला काडी मागावी तसे. येडबाला विचारले, तू काय करणार? तो म्हणाला, मेंढरे आहेत, ज्वारीच्या भाकरी मला येतात, वाकड्या येतात पण येतात. रायभानला सांगितले तेव्हा चार मुलूख हिंडलेला तो गडी पहिल्यांदा घाबरलेला दिसला. म्हणाला, "आई मैदानावर येणार का?" मी म्हटले, मला वाटते ती त्यासाठीच येते आहे.

ता. क. तिसरा, आणि खरे काम हेच. एक खोली पाहून ठेव. अंगण असावे, कारण ती दोन शेळ्या आणणार आहे; लेकाला शहरातले पाणी घातलेले दूध देणार नाही म्हणते. घरमालकाला शेळ्यांचे आधी सांगू नकोस. गुडघ्याला रोज पान बांधायला तिला कोणी अडवू नये, डॉक्टरनेही. आणि सामन्याच्या दिवशी तिला बायकांच्या जागी, पडद्यामागे वगैरे बसवू नकोस, आणि मानाची म्हणून खुर्चीही देऊ नकोस. कडेला, जिथून सगळे रान दिसेल तिथे, उभे राहू दे. मेंढरे चरत असतात तोवर ती बसत नाही.